लाल रेघेच्या अलीकडे

"याच्यात आता दम नाई राह्यला," तट्ट्यापलीकडे मदनसिंग कुणाला तरी सांगत होता. "नाकातून पानी नाई आलं त सोडा कायचा? त्यापरीस हिरीचं पानी काय वाईट हाय?"

कस्तुराबाई तट्ट्याच्या अलीकडे बाटल्या धूत बसली होती. पऱ्हाटीच्या काड्यांचा तट्टा तो. फटीतून मदनसिंगाच्या धोतराचा काठ आणि धुळीनं पांढरी झालेली टाच दिसत होती. हात लांबवला असता तर टाचेला लागला असता. तो तिला ऐकू जावं म्हणून बोलत नव्हता. रागानंही बोलत नव्हता. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. रागावलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मऊ होऊन येतं, हे कारंज्याच्या बाजारात भाजीची टोपली घेऊन बसून बसून तिला कळलं होतं. पण हा साधं बोलत होता, औंदा कैऱ्या बारीक आहेत असं म्हणावं तसा, आणि साध्या बोलण्याला उत्तर नसतं. तिच्या हातातल्या बाटलीच्या गळ्यात गोटी टिक करून एका अंगाला सरकली.  तिनं ऐकलं म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हिरालालनंही ऐकलं असणार. तो गल्ल्यापाशी होता, दहा हात लांब, पण अलीकडे त्याला सगळंच ऐकू येत होतं. तेच तर भीतीचं होतं.

"दम येईन, मदनभाऊ," हिरालालचा आवाज आला, हसरा, मोठा. "रामनवमीले पाय. नाकातूनच काय, कानातून नाई काढलं पानी त सांगजो."

माणसं हसली. कस्तुरानं बाटली धुतलेल्यांत ठेवली, मग पुन्हा उचलली आणि पुन्हा धुतली.

दम म्हणजे गॅस. गॅस म्हणजे कोपऱ्यात उभं असलेलं ते काळं लोखंडी नळकांडं, आणि त्याच्या डोक्यावर चावी, आणि चावीच्या वर तळहाताएवढं काचेचं तोंड, त्यात एक काटा. दम वाढवायचा म्हणजे चावी थोडी जास्त वेळ उघडी ठेवायची. इतकंच. वांग्याला पाणी थोडं जास्त सोडावं तसं. पण वांग्याला पाणी जास्त झालं तर झाड सुस्तावतं, पानं पिवळी पडतात, चार दिवस सांगत बसतं की मला जास्त झालं. काच काही सांगत नाही. काच आधी असते आणि मग नसते, मधलं काही तिच्यापाशी नाही. भाजीच्या बागेतल्या या माणसांना हेच कळायला वेळ लागला होता. त्यांचा सगळा जन्म मधल्यातच गेला होता: उगवून राह्यलं, फुलून राह्यलं, सडून राह्यलं.

मशीन विकणारा अकोल्याचा माणूस पहिल्या दिवशी सगळं दाखवून गेला होता. लोखंडी पिंजऱ्यात बाटली बसवायची, चाक फिरवायचं, पिंजरा उलटासुलटा होत राहतो, पाणी आणि गॅस एकमेकांत घुसळून निघतात, बाटली उलटी थांबली की गोटी तोंडाशी येऊन बसते आणि आतला दमच तिला धरून ठेवतो. "फक्त काट्यावर डोळा ठेवा," तो शहरी बोलीत म्हणाला होता. "काटा लाल रेघेच्या अलीकडे असला तर तुम्ही राजे. पलीकडे गेला तर..." आणि तो हसला होता, वाक्य न पुरवता, आणि पेटीतून तारेच्या जाळीचा एक मुखवटा काढून हिरालालच्या हातात दिला होता. हिरालालनं तो एकदाच घातला. बाजारातली माणसं म्हणाली, सर्कस आली. तेव्हापासून तो खुंटीला आहे आणि त्यात कांदे ठेवतात.

त्या वेळी सल्ले तरी किती आले. धंदा सुरू करणाऱ्याला लोक सल्ला देतात तसा लग्न करणाऱ्यालाही देत नसतील. ज्याचं मूळ जमिनीत नाही असल्या गोष्टीत पडू नये, असं मामेसासरे म्हणाले. बाजारातल्या एका किराणा दुकानदारानं सांगितलं की दुकानात पहिल्या दिवशी बाईला बसवू नये, आणि दुसऱ्यानं सांगितलं की बाईलाच बसवावं. तिचा दीर नथ्थू काही म्हणाला नाही. त्याच्या वाट्याला सगळी बाग येणार होती, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. आणि कल्पना तर कस्तुराची होती. कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग वेशीपर्यंत जायची, गाडीवानांच्या मिशांवर कापसाचा बुरा आणि ओठांवर धूळ, आणि ती टोपलीमागे बसून बघायची की माणूस वांगं घेताना दहादा उलटंपालटं करतो, पण तहान लागली की हात पुढे करतो, बस. "तहान लागेल मानूस भाव करत नाई," असं ती एका संध्याकाळी बोलून गेली होती, लसूण निवडता निवडता. हिरालालच्या मनात ते वाक्य असं रुजलं की वर्षभरात तेच आपलं म्हणून तो लोकांना सांगू लागला. तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. वाक्यावर काही खूण नसते कुणाच्या शेतातलं म्हणून. पण अलीकडे, बाटल्या धुताना, तिला वाटायचं की हे वाक्य आपल्या तोंडून निघालं नसतं तर. आपण त्या संध्याकाळी मुकाट लसूण निवडला असता तर.

"ये उदयसिंग, ये," बाहेर हिरालाल म्हणाला. "संग कोन हाय? घरवाली हाय वाटते."

कस्तुराचा हात पाण्यातच थांबला. फटीतून तिला दिसलं: दोन माणसं अजून दुकानाच्या पायरीवरही चढली नव्हती, सडकेवरून येत होती. उदयसिंगचे टायरच्या चपलांतले पाय घासत येत होते, आणि मागे त्याच्या बायकोच्या घेरातल्या घुंगरांचा आवाज. हिरालालनं तिकडे पाहिलं नव्हतं. तो समोर पाहत होता, मदनसिंग जिथं उभा होता तिथं, आणि मदनसिंग तर केव्हाच निघून गेला होता.

"दादा, तुमची नजर लय तेज हाय," उदयसिंग वर चढत म्हणाला.

"धंदेवाल्याची नजर तेजच पायजे," हिरालाल म्हणाला. "लिहून घे, पयला धडा."

उदयसिंग पोहरादेवीकडच्या तांड्याचा. हंगामात सडकेच्या खडीवर कामाला जाणारा, उरलेलं वर्ष दोन एकरांत ज्वारी पेरणारा. मागच्या जत्रेत त्यानं हिरालालचा सोडा प्याला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात गोटी खडखडत होती. देवीला माणूस बारा महिने येतो, जत्रेलाच नाही, मग तिथं आपलं मशीन का नसावं. आज तो आणि त्याची बायको गोमतीबाई सर्विस मोटारीनं शिकायला आले होते. दिवसभर राहणार, मशीन चालवून पाहणार, आणि जमलं तर आपलं मशीन घेणार. हिरालालनंच बोलावलं होतं. या वर्षी त्याच्याकडे सल्ला विचारायला माणसं येत होती. एकाला सायकलचं दुकान काढायचं होतं, एकाला फोटो काढायची पेटी घ्यायची होती. वांगी लावणारा माणूस कारखानदार झाला म्हटल्यावर येणारच. आणि हिरालाल त्यांना बाजेवर बसवून सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा की कस्तुरा आत चुलीपाशी बसून फुंकणी विसरायची. लग्नात होता तसा चेहरा.

तिनं चहा नेला. हिरालालच्या हातात कप देताना ती उजव्या बाजूनं गेली. घरात आता सगळेच उजव्या बाजूनं जात. नथ्थू सकाळी बागेतून भाजी घेऊन यायचा आणि भावाच्या उजव्या हाताशी टोपली ठेवायचा, आधी कसा कुठंही ठेवायचा. शेजारची कमलीबाईसुद्धा ताक देताना वळसा घेऊन यायची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बैल एका अंगानं बुजतो म्हटल्यावर सगळे दुसऱ्या अंगानं जातात, तसं झालं होतं.

"सांगा दादा," उदयसिंग म्हणाला. तो बाजेच्या कडेवर बसला होता, टेकला नव्हता. "सुरवात कशी करावं?"

"पयले मशीन नाई पाहाव. पयले तहान पाहाव. तहान लागेल मानूस भाव करत नाई." हिरालालनं कप तोंडाला लावला, मग थांबला. "दुसरं. गिऱ्हाईकाचं आयकाव, पन अर्ध. आताच एक जन म्हनून गेला, दम नाई. आता हे अर्ध मी आयकलं. दम वाढवीन. पन त्याले हिरीचं पानी बरं वाटते, हे काई मी आयकलं नाई."

गोमतीबाई हसली. तिच्या हाताला कोपरापर्यंत पांढऱ्या हाडाच्या बांगड्या होत्या, ओढणीला काचा आणि कवड्या. हसली तरी सगळी वाजली.

"अन् सोयरा भागीदार नाई घ्यावं. माहा भाऊ होता संग. चांगला हाय, पन त्याचं मन भाजीत. चार मयने राह्यला, मंग म्हने, मले बागच बरी."

हे अर्धं होतं. नथ्थू बागेत परतला तो वैशाखात, त्या दुपारनंतर. कस्तुराला वाटलं की आता हिरालाल सांगेल. समोर शिकायला आलेला माणूस बसला आहे, धडा म्हणून तरी सांगेल. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"फुटते का कवा, दादा? बाटली?" उदयसिंगनं विचारलं. त्यानं हे हळू विचारलं, जसं वऱ्हाडी मुलीकडच्यांना विचारतात, काही आजार वगैरे.

"फुटते. फुटन नाई त काच कायची? फुटलं त भेऊ नये, हेबी लिहून घे. भेनाऱ्यानं भाजी लावाव." हिरालाल हसला. मग म्हणाला, "एक ध्यानात ठेवजो. उनात तापेल भरल्या बाटल्यांवर गार पानी टाकू नये."

"कोनं टाकलं होतं का?"

"एकानं टाकलं होतं."

"मंग?"

"मंग काय. फुटल्या."

कस्तुरा रिकामे कप घेऊन आत आली आणि मोरीपाशी उभी राहिली. एकानं. तिला तो एक दिसत होता. उन्हाचा तडाखा, बाजारातून परत आलेली गाडी, न विकलेल्या बाटल्या उघड्या पेटीत, आणि हिरालाल नेहमीसारखा विहिरीकडे गेला. त्यात काही विचार नव्हता, चूकही नव्हती. बाजारातून माल परत आला की त्यावर पाणी मारायचं, हे त्यांच्या घरात श्वासासारखं होतं. मेथी कोमेजू नये म्हणून, कोथिंबिरीची मान पडू नये म्हणून, त्याच्या बापानं मारलं, आजानं मारलं. उन्हातून घरात आलेल्या जिवाला पाणी घालावं, याच्यात वाईट काय असणार. तो बादली घेऊन आला, ओंजळ भरली आणि प्रेमानं, होय, तिनं पाहिलं होतं, प्रेमानं, मेथीवर शिंपडावं तसं शिंपडलं. मग तो आवाज. आवाज एक नव्हता, एकातून दुसरा निघत गेला, आणि सगळं शांत झाल्यावर हिरालाल बादली धरून तसाच उभा, आणि नथ्थू गाडीमागे खाली बसलेला, दोन्ही हात कानांवर. "काई नाई झालं," हिरालाल म्हणाला होता. "डोयात बुरा गेला." डाव्या गालावरून एकच रेघ उतरली होती, बारीक, लाल.

अकोल्याच्या डॉक्टरनं बत्ती मारून पाहिलं होतं. मग तो हिरालालशी न बोलता तिच्याशी बोलू लागला. दुखावलेला डोळा काढून टाकला तर चांगला वाचेल. नाही काढला तर कधी कधी चांगलाही त्याच्यामागे जातो. "मांगं जाते म्हंजे?" तिनं विचारलं. "जोडीनं असतात ना," डॉक्टर म्हणाला, "एकाचं दुखणं दुसरा ओढून घेतो." त्यानं हे चांगल्या मनानं सांगितलं होतं. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं परत येताना हिरालाल खिडकीला टेकून बसला होता, डोळ्यावर पट्टी. "डोया काय वांग्याचा शेंडा हाय," तो म्हणाला, "अळी लागली त खुडून फेकाले?"  सकाळी दवातून फिरत अळी लागलेला प्रत्येक शेंडा तो खुडायचा, झाड वाचावं म्हणून, आणि त्याच्याइतका निष्ठूर आणि बरोबर हात साऱ्या मळ्यांत कुणाचा नव्हता. ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. गाडी हळू जात होती, बाहेर पळसाला नवी पानं आली होती, आणि ती नुसती म्हणाली, "भूक लागली का?"

त्यांच्या घरात वाईट शब्द उच्चारायची रीत नव्हती. दिवा विझत नसे, वाढत असे. बांगडी फुटत नसे, वाढत असे. ज्वारीची कणगी रिकामी झाली तरी ती उदंड झाली म्हणायचं. जुन्या बायकांनी सगळ्यांची सोय करून ठेवली होती. पण डोळ्यासाठी कुणी असा शब्द करून ठेवला नव्हता, म्हणून मग ते बोलायचंच राहिलं. आणि न बोललेली गोष्ट घरात कशी मोठी होते हे तिला माहीत नव्हतं. आधी कोपऱ्यात मावत होती, मग माजघरात, आता दाराबाहेरही तिचा पाय निघालेला.

पौषात एक बाटली पिंजऱ्यातच फुटली. पिंजऱ्याची तार जाड, म्हणून बरं. चाकावर तीच होती, आणि तिनं पाहिलं होतं की काटा रेघेवर आला, रेघ ओलांडली, आणि हिरालालचा हात चावीवर तसाच, निवांत. तो काट्याकडेच पाहत होता. तोंड वळवून, नीट, उजव्या डोळ्यानं. "काचच खराब होती," तो म्हणाला. "होय," ती म्हणाली, "काचच खराब होती." दुसऱ्या दिवशी चाक फिरवता फिरवता काटा रेघेजवळ येऊ लागला तेव्हा तिच्या तोंडून निघालं, हं. दमल्यावर बाई म्हणते तसं. हिरालालनं चावी बंद केली. पुढच्या बाटलीला पुन्हा हं, पुन्हा चावी. तेव्हापासून चालू आहे. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. संसारात असं बरंच चालतं, तिला वाटायचं. पण संसारातलं चुकलं तर भाजी खारट होते.

आणि आता तो म्हणतो, दम वाढवीन.

"बाई," मागून आवाज आला. गोमतीबाई दाराशी उभी होती. "तुमाले भेव नाई लागत?"

"सवय होते," कस्तुरा म्हणाली.

"मले नाई होनार. माह्या घरवाल्याले कायचंच भेव नाई, म्हनून मले दोघायचं लागते." ती आत येऊन पाटावर बसली, घेर आवरून. "काल त्यानं सपनात मशीन चालवलं. मले लाथा मारून राह्यला होता, चाक म्हनून."

कस्तुराला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. या बाईला सांगावं. आता, इथं, मोरीपाशी. जा म्हणावं, सर्विस मोटार चारला परत जाते, नवऱ्याला घेऊन जा, ज्वारी पेर, खडी फोड. धंदा सुरू करणाऱ्याला सगळे सगळं सांगतात. तहान पाहा, गिऱ्हाईक पाहा, सोयरा नको. हे कुणी सांगत नाही की ज्या दिवशी दुकान उघडतं त्या दिवशी एक भीतीही भाड्यानं राहायला येते, आणि ती कधी रात्रीचीही जागा सोडत नाही. आणि हेही कुणी सांगत नाही की ती भीती धंदा बुडण्याची नसते. धंदा बुडाला तर बरं, असं वाटण्याची असते. रोज सकाळी गिऱ्हाईक कमी यावं असं वाटतं, आणि मग नवरा उमेदीनं फळी पुसतो ते पाहून आपलीच लाज वाटते. सांगावं. पण सांगितलं तर हे बाहेर जाईल, आणि बाहेर गेलं की खरं होईल. मशीन जाईल. बाग नथ्थूची झाली, ती आता परत मागायची कशी. मग हा माणूस बाजेवर बसून राहील, हात मांडीवर, कुणी सल्ला विचारायला येणार नाही, आणि आल्यागेल्याच्या पावलांकडे तोंड करून विचारत राहील, कोन हाय? तिला डोळे गेलेला माणूस दिसत नव्हता. तिला धडे न देणारा हिरालाल दिसत होता, आणि तेच पाहवत नव्हतं.

"कस्तुरा," बाहेरून हाक आली. "बाटल्या आन. अन् उदयसिंगच्या घरवालीले बलाव, चाक तिच्या हातात देऊ. धंदा नवराबायकोचा असते, हे त सांगाचंच राह्यलं."

शेडमध्ये टिनाखाली भट्टीसारखं तापलं होतं. नथ्थूनं सकाळीच पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. हिरालाल नळकांड्यापाशी उभा राहिला, एक हात चावीवर, एक हात हवेत, शिकवणाऱ्याचा. त्यानं बाटली भरली, बोटानं गळा चाचपला, पिंजऱ्यात बसवली. बसवताना एकदा पिंजऱ्याची कड चुकली आणि काच लोखंडाला लागली, टण्ण, "मुद्दाम दाखवलं," तो म्हणाला, "असं नाई करावं." उदयसिंगनं मान डोलावली. गोमतीबाईनं चाकाच्या दांड्याला नमस्कार केला आणि हात ठेवला. ती जागा एरवी कस्तुराची. आता ती पलीकडे, गोमतीबाईच्या मागे उभी राहिली, आणि तिथूनही काटा दिसत होता, तिच्या खांद्यावरून.

"दादा, मुखवटा हाय म्हने एक," उदयसिंग म्हणाला.

"कांदे हायेत त्याच्यात. फिरव बाई, फिरव."

चावी उघडली. फुसफुस सुरू झाली आणि काटा हलला. गोमतीबाई चाक ओढू लागली आणि तिच्या अंगावरचं सगळं जागं झालं: बांगड्या बांगड्यांवर आदळू लागल्या, कवड्या, घुंगरं, घेर, चाकाबरोबर एकदा वर आणि एकदा खाली, लग्नाची वरात निघावी तसं. काटा चढत होता. नेहमी चढायचा तसाच. कस्तुरानं ओठ ओले केले.

"हं," ती म्हणाली.

हिरालालची मान हलली नाही.

"हं," ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, आणि तिला स्वतःलाच ऐकू आलं नाही. नुसतं हाड हाडावर वाजत होतं.

"अजून," हिरालाल म्हणाला. तो काट्याकडे तोंड करून उभा होता, डोळे बारीक करून, जाणकारासारखा. त्याचा कान मात्र तिच्या नेहमीच्या जागेकडे लागला होता. "अजून दूर हाय रेघ. पायजो उदयसिंग, घाई नाई कराची, दम बसू द्याचा."

उदयसिंग पाहण्यासाठी वाकला. पिंजऱ्याच्या तारेपासून त्याचं तोंड वीतभर. मिशीला घामाचे थेंब, डोळे मोठे, दोन्ही. काटा रेघेवर आला. कस्तुरानं तिसऱ्यांदा हं म्हटलं, बांगड्यांनी तेही गिळलं.  काटा रेघेपलीकडे गेला. मग तिला एवढंच कळलं की आपण गोमतीबाईला ढकललं, आणि आपला हात हिरालालच्या हातावर आहे, आणि दोन्ही हात मिळून चावी पिळत आहेत. त्याचा हात बर्फासारखा गार होता. एवढ्या उकाड्यात.

फुसफुस थांबली. चाक अर्ध्यावर राहिलं. उदयसिंग सरळ झाला, आधी बायकोकडे आणि मग कस्तुराकडे पाहत. पिंजऱ्यात बाटली शाबूत होती, गोटी तोंडाशी घट्ट बसलेली, आत बारीक बुडबुडे वर चढत होते, शहाण्यासारखे.

"काय झालं, वयनी?" उदयसिंगनं विचारलं.

सगळे तिच्याकडे पाहत होते. हिरालालही, म्हणजे त्याचं तोंड तिच्याकडे होतं. त्याच्या चेहऱ्यावर शिकवणाऱ्याचं हसू अजून राहिलं होतं, उतरायचं विसरलेलं, आणि त्याखाली काहीतरी वाट पाहत होतं, लहान, उघडं. ती त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. खरं सांगायला जमलं नाही.

"पानी सरलं," ती म्हणाली. "टाकीतलं पानी सरलं. मी आनतो भरून."

ती बादलीकडे वळली.  टिनावर एक कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. हिरालालनं डावा हात बाजूला नेला, हवेत थोडा शोधला, टाकीचा काठ सापडला, आणि हात आत घातला. पाणी मनगटाच्या वर आलं, काठावरून सांडलं, त्याच्या पायांवर पडलं. तो हात तसाच पाण्यात ठेवून उभा राहिला, बराच वेळ, जसं काही गार लागतंय ते चांगलं वाटत होतं.

"टाकी भरेल हाय, कस्तुरा," तो म्हणाला.

मग त्यानं तोंड उदयसिंगच्या बाजूला केलं, किंवा जिथं उदयसिंगचा श्वास ऐकू येत होता तिकडे.

"मले काटा दिसत नाई, उदयसिंग. एका डोयानं कवाचंच नाई, आता दुसऱ्यानंबी नाई. कस्तुरा हं म्हनते, तवा मी चावी बंद करतो."